अर्जीत वारलेले दादा

मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या केदारखेड्यात मॅट्रिक म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की पोरगं मॅट्रिक झालं, आणि गुळाचा खडा हातावर ठेवत. एका म्हाताऱ्यानं गूळ तोंडात टाकला आणि काळजीनं विचारलं, "मंग आता उतार हाये का त्याला?" दादांनी त्याला आणखी एक खडा दिला.

गूळ वाटून झाला आणि घरात प्रश्न उरला, की या शिकलेल्या पोराचं करायचं काय. शेतात हात पुरेसे होते. मी औत धरलं की माय म्हणायची, मंग एवढं शिकवलं कशाला. औत सोडून ओसरीवर बसलो की थोरले काका म्हणायचे, मंग एवढं शिकवलं कशाला. दोघांचं म्हणणं एकच होतं.

माझं शिक्षण जालन्याला मामांच्या घरी राहून झालेलं. मामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ. ते कापसाच्या आडत दुकानात मुनीम होते आणि जालन्यात कुठं काय चाललंय याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असायची. त्यांनीच एका गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला, की करोडगिरीच्या दफ्तरात मुहर्रिराची एक जागा निघाली आहे, पोराला जल्दी लावून द्या. त्या काळात हैदराबाद संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. मुहर्रिर म्हणजे कारकून. दादांना करोडगिरी या शब्दातलं 'करोड' तेवढं ऐकू आलं आणि त्यांनी त्याच दिवशी गाडी जुंपायला सांगितली.

अर्जी मी घरीच लिहून नेली होती. शाळेत आम्हाला सगळे विषय उर्दूतूनच होते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. मी लिहिलं होतं की मी अमुक गावचा, अमुक वयाचा, मॅट्रिक पास आहे आणि मला ही नोकरी मिळावी. खाली सही. मामांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला, मागंही काही नाही हे बघून परत सुलटा केला.

"ही अर्जी हाये का निरोप?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी मला दुकानातल्या कापसाच्या ढिगापाशी नेलं आणि समजावलं. गिऱ्हाईक आलं की आपण गाठ फोडून आतला कापूस दाखवतो का? नाही. वरचा मूठभर दाखवतो, आणि तो मूठभर आधी निवडून ठेवलेला असतो. अर्जीचं तसंच असतं. मी म्हणालो की माझ्याकडे मुळात एकूण मूठभरच आहे. मामा म्हणाले, म्हणूनच तर मुनशीकडं जायचं.

मुनशी म्हणजे अर्जीनवीस. ते कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसत. पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर बोरूच्या लेखण्या, दौत, आणि कागद उडू नये म्हणून ठेवलेला एक गुळगुळीत दगड. जमिनीचा वाद असो, बंदुकीचा परवाना असो, पळून गेलेली बायको असो, जालन्यातलं निम्मं दुःख त्यांच्या हातून कागदावर उतरलेलं होतं. त्यांचं अक्षर कचेरीत नावाजलेलं होतं. आम्ही शाळेत शिकलो ती उर्दू सुटी, सरळ, पोरांना वाचता येईल अशी. कचेरीतली लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती, तिला शिकस्ता म्हणत. तिच्यात लेखणी एकदा टेकली की उचलायची नाही, आणि टिंबं तर सहसा द्यायचीच नाहीत. मुनशींनी लिहिलेला कागद वाऱ्यानं आडव्या झालेल्या ज्वारीच्या वावरासारखा दिसायचा, सगळं एका अंगाला पडलेलं. तो लिहिणारा मुनशी आणि वाचणारा साहेब या दोघांनाच कळायचा. मी मॅट्रिक असूनही मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

मुनशींनी माझं नाव, गाव, वय, इयत्ता विचारली. मग लेखणी थांबवून म्हणाले, "वालिद?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "ते तुम्ही दस्तुराप्रमाणं लिहा."

मला वाटलं, दस्तुराप्रमाणं म्हणजे वडिलांचं नाव आणि धंदा शेती. मुनशींनी मान डोलावली आणि लेखणी धावायला लागली. लिहिताना ते स्वतःशीच पुटपुटत. एका ठिकाणी ते थांबले, बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा लिहू लागले. उन्हाळा होता, रस्त्यावर धुरळा उडत होता, मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

लिहून झाल्यावर मी म्हणालो, वाचून दाखवा. मुनशींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. गरीबपरवर सलामत, म्हणजे गरिबांचे पालनकर्ते साहेब सुखरूप राहोत. त्यानंतर साहेबांच्या न्यायाची सावली आली, त्यांच्या दौलतीचा सूर्य आला, त्यांच्या दारातली धूळ आली. मी अजून कुठंच आलो नव्हतो. तेवढ्यात एक माणूस बैल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन घाईघाईनं आला आणि मुनशींनी माझा कागद घडी करून मामांच्या हातात दिला. मामांनी एवढंच विचारलं की तजुर्ब्याचं, म्हणजे अनुभवाचं, लिहिलं का. मुनशी म्हणाले, लिहिलं, व्यापारातला दोन वर्षांचा तजुर्बा. मला वाटलं ते बैलवाल्याबद्दल बोलताहेत.

अर्जीसोबत चालचलनाचा दाखला लागत होता. त्यासाठी मी आमच्या हेडमास्तरांकडे गेलो. हा माणूस सबंध शाळेत खरं बोलण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट ते लिहून देत नसत. मला समोर उभं करून ते बराच वेळ आठवत राहिले, आणि मग सुंदर, स्वच्छ, टिंबाटिंबानं पूर्ण अशा अक्षरात त्यांनी दाखला लिहिला. तो मात्र मला वाचता आला.

त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थी खोटं बोलताना आढळला नाही, मात्र तो एकूणच कमी बोलतो. हिशेब मध्यम. अक्षर वाचता येतं. एकदा शाळेच्या विहिरीत पडलेली बादली यानं गळ टाकून काढली. याचे वडील सज्जन असून याच महिन्यात स्वतः शाळेत येऊन मुलाच्या पुढच्या आयुष्याविषयी विचारपूस करून गेले, तेव्हा त्यांनी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. शेंगा चांगल्या होत्या.

मी चाचरत म्हणालो की शेंगांचं राहू द्यावं. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "का? चांगल्या नव्हत्या?" मी दाखला घेऊन आलो. मामांनी तो न वाचताच अर्जीला जोडला आणि दोन्ही कागद दफ्तरात नेऊन दिले.

बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आलं. मामा ते सांगायला स्वतः केदारखेड्याला आले. माय शेवया करायला लागली. दादा म्हणाले, मी बी येतो. पोरगं कुणाचं हाये ते साहेबाला दिसाया पाहिजे.

हे ऐकून मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं? तिथं काय तमाशा हाये का?" दादा म्हणाले, गाडी आपली, बैल आपले, तुझं काय जातंय. मामांनी पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं. साहेबाला गर्दी आवडत नाही, दफ्तरात बसायला जागा नाही, जालन्यात कसलीतरी साथ आहे. दादांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली आणि बैलांच्या शिंगांना तेल लावायला निघून गेले. मामांनी मला बाजूला घेऊन काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण माय शेवयांची वाटी घेऊन आली आणि ते शेवया खायला लागले. ठरलेल्या दिवशी ते जालन्यात नव्हतेच. कापूस बघायला वाटूरला गेलेत, असं दुकानात कळलं. त्या दिवसांत शेतात कापूस नसतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दादांनी त्या दिवशी नवा पटका बांधला होता. पायातल्या जोड्याला तेल पाजून तो इतका मऊ केला होता की चालताना आवाज येत नव्हता, आणि याचं त्यांना थोडं वाईट वाटत होतं. दफ्तराच्या ओसरीत माझ्यासारखी आणखी काही पोरं बसली होती. सगळ्यांच्या अंगात दुसऱ्या कुणाचे तरी कोट. मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि दादा सगळ्यांच्या मधोमध.

दादांना गप्प बसणं जमत नसे. त्यांनी पहिल्या पोराला गाव विचारलं. तो वडीगोद्रीचा निघाला. मग वडील काय करतात, असं विचारलं. पोरानं दफ्तराच्या दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "न्हाईत." दादा हळहळले. दुसऱ्याला विचारलं. त्याचेही नव्हते. तिसऱ्याचेही नव्हते. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भाकरीचं गाठोडं सोडलं आणि सगळ्यांना भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. मला म्हणाले, "देवाची केवढी कृपा हाये आपल्यावर, बघ." वडीगोद्रीच्या पोराला घास गिळवेना. रस्त्यापलीकडे एका झाडाखाली पटक्यातली दोन-तीन म्हातारी माणसं बसून आमच्याकडे बघत होती. दादांनी त्यांनाही भाकरी खायला या म्हणून हात केला. ती माणसं लगबगीनं पाठमोरी झाली.

माझं नाव पुकारलं गेलं. साहेब हैदराबादचे होते. काळी शेरवानी, लाल टोपी, सोनेरी काडीचा चष्मा. बोलणं उर्दूत चाललं होतं. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं, याचंच मला नवल वाटलं. मग ते फार हळू आवाजात म्हणाले की माझ्यावर ओढवलेला प्रसंग वाचून त्यांना दुःख झालं, आणि मरहूम किती थोर मनाचे होते ते अर्जीवरून कळतं.

मरहूम म्हणजे कैलासवासी, एवढं मला येत होतं. मला वाटलं साहेबांच्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी अर्जी आली असावी. मी मान खाली घालून दुःखी चेहरा केला. साहेबांना तो पटला असावा, कारण त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढं सरकवला.

मग त्यांनी विचारलं की व्यापारातला माझा दोन वर्षांचा तजुर्बा काय. तेव्हा मला मुनशींचं शेवटचं वाक्य आठवलं आणि बैलवाल्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता हे उमगलं. मी सांगितलं की शाळेला सुट्टी असली की मी मामांच्या दुकानात बसायचो. साहेब म्हणाले, बसून काय करायचा? मी आठवून बघितलं आणि म्हणालो, चहा प्यायचो. साहेबांनी अर्जीवर पेन्सिलीनं कसलीशी खूण केली.

त्यानंतर त्यांनी खालचा कागद वर घेतला. तो हेडमास्तरांचा दाखला होता. वाचता वाचता ते थांबले, पुन्हा अर्जी बघितली, पुन्हा दाखला बघितला.

"अर्जीत लिहिलंय की तुमचे वडील मागच्या पावसाळ्यात तापाच्या साथीत अल्लाला प्यारे झाले. हेडमास्तर लिहितात, ते याच महिन्यात शाळेत आले होते. मग शेंगा कुणी आणल्या?"

मामांचं 'दस्तुराप्रमाणं', मुनशींचं बाहीनं डोळे पुसणं, मामांचं वाटूरला जाणं, सगळं एकदम ध्यानात आलं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी मला ते जमलं नसतं, कारण काय खोटं बोलायचं हेच कळत नव्हतं. हेडमास्तर खोटारडे होते म्हणू, की मुनशी?

"साहेब, ते बाहेर बसलेत," मी म्हणालो.

"कोण?"

"मरहूम."

साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि चपराशाला हाक मारून माझ्याबरोबर जे कुणी आलंय त्यांना आत आणायला सांगितलं. दादा आले. दोन्ही हात जोडून राम राम केला आणि खुर्ची दाखवली तरी भिंतीपाशी उकिडवे बसले. साहेबांना मोडकंतोडकं मराठी येत होतं. त्यांनी विचारलं, हा मुलगा तुमचा का. दादा म्हणाले, बिलकुल. मग साहेबांनी अर्जी उचलली आणि तिच्यात काय लिहिलंय ते दादांना सांगितलं.

मला वाटलं आता दादा उठून मला तिथंच एक ठेवून देतील. पण ते शांतपणे ऐकत राहिले, एखाद्या लांबच्या पाहुण्याची बातमी ऐकावी तसे.

"कव्हा वारलो म्हणे मी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात."

दादांनी विचार केला. "मागच्या पावसाळ्यात तं मी नवा गोठा बांधून राह्यल्तो," ते म्हणाले.

साहेबांचे खांदे हलायला लागले. ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. चपराशी दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला आणि ओसरीतून त्याच्या हसण्याचा आवाज आला. मग साहेब वळून म्हणाले की आज सकाळपासून ते फक्त अनाथ पोरांनाच भेटताहेत, आणि एकाच इलाक्यातले इतके बाप एकाच पावसाळ्यात कसे गेले, याची चौकशी करावी का असा विचार त्यांच्या मनात येत होता. जिवंत बाप बरोबर घेऊन आलेला मीच पहिला.

त्यांनी एक कोरा कागद आणि दौत माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, आता इथंच बसून तू स्वतः लिही. जे आहे तेवढंच.

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं, मॅट्रिक पास लिहिलं. आणि थांबलो. पुन्हा तोच निरोप तयार झाला होता. कागदाचा बराचसा भाग पांढराच होता आणि माझ्याकडे त्यात घालायला काही नव्हतं. त्या क्षणी मला मुनशींची किंमत कळली. आपण एवढी वर्षं जगलो, शिकलो, जेवलो, आणि ते सगळं चार ओळींत संपतं याचं मला खरोखर वाईट वाटलं.

भिंतीपाशी बसलेल्या दादांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, संपलं. दादा म्हणाले, "संपलं कसं? गावातल्या नोटिसा कोण वाचतं, ते लिही."

मला ती लिहिण्यासारखी गोष्ट वाटलीच नव्हती. आमच्याकडे कचेरीतून येणारा कागद उर्दूत असायचा. नोटीस छापील किंवा सुट्या अक्षरात असली की लोक माझ्याकडे घेऊन येत. मी ती वाचून मराठीत समजावून सांगायचो, आणि त्यांना काय म्हणायचंय ते उर्दूत लिहून द्यायचो. आसपासच्या वाड्यांवरूनही लोक येत. मोठ्या सुट्टीत मी गावी असलो की आमच्या ओसरीवर यासाठी माणसं बसलेली असत. मी घाबरत घाबरत ते लिहिलं. दादा पुढं सांगत गेले. पूर्णेला पूर आल्ता तव्हा पलीकडच्या लोकांच्या वाहून गेलेल्या वस्तूंची यादी यानंच केल्ती. बाजाराला गाड्या निघायच्या तव्हा कुणाच्या गाडीत कुणाचा माल हाये ते यानंच लिहून ठेवलं. मी लिहीत गेलो. साहेब पान लावता लावता ऐकत होते आणि अधूनमधून मला विचारत, ते काय म्हणताहेत. मी सांगायचो. ते म्हणायचे, लिही.

शेवटी दादा म्हणाले, "आन् आता लिही, पेरणीला आन् कापणीला घरी सोडावं लागंल."

मी ते लिहिणार नव्हतो. साहेबांनी विचारलं, ते काय म्हणाले. मी म्हणालो, काही नाही. दादांना उर्दू येत नव्हती, पण 'काही नाही' कोणत्याही भाषेत ओळखता यायचं. ते उठून माझ्यामागं उभे राहिले आणि ते मी लिहिपर्यंत हलले नाहीत. नोकरी मागणाऱ्या अर्जीत शेवटची ओळ रजेची, अशी ती जगातली पहिलीच अर्जी असावी.

साहेबांनी ती वाचली. रजेच्या ओळीपाशी पुन्हा खिडकीकडे बघावं लागलं त्यांना. मग त्यांनी सांगितलं की नाक्यावर माल घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यांना उर्दू कळत नाही, शिपायांना मराठी कळत नाही, आणि दिवसभर भांडणं होतात. दोन्हीकडचं दोघांना समजावणारा माणूस हवाच होता. मात्र लगेच पगारी जागा देता येणार नाही, आधी उमेदवारी करावी लागेल. उमेदवारी म्हणजे बिनपगारी काम, जागा पक्की होईपर्यंत. दादांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, "चालंल. भाकरी घरून येईल."

आम्ही निघालो तेव्हा दादांनी साहेबांना विचारलं, की पहिली अर्जी आता तुमच्या कामाची नाही, तर मी नेऊ का. साहेबांनी ती आनंदानं दिली. असला कागद दफ्तरात राहिला तर त्यावर काहीतरी करावं लागेल, असं ते म्हणाले.

मला वाटलं दादा ती फाडणार. पण ते सरळ कचेरीसमोर लिंबाखाली गेले आणि मुनशींपुढं सतरंजीवर बसले. मुनशींनी कागद ओळखला, मग मला ओळखलं, मग दादांकडे बघून अंदाज केला आणि लेखण्या गोळा करायला लागले. दादा म्हणाले, घाबरू नका, भांडायला आलो न्हाई. माझ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

मुनशी म्हणाले की मी तुम्हाला मारलं नाही, तो रिवाज आहे. बाप जिवंत असला की साहेब लोक म्हणतात, मग याला नोकरीची काय गरज. दादांनी ते मान्य केलं आणि पुन्हा म्हणाले, वाचा.

मुनशींनी वाचलं, आणि एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. केदारखेड्यात एक असा पुरुष होऊन गेला, ज्याच्या दारातून वाटसरू कधी उपाशी गेला नाही. ज्याचा शब्द सबंध परगण्यात कागदापेक्षा पक्का मानला जाई. ज्याच्या अंत्ययात्रेला हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून चालले, आणि ज्याचे बैलसुद्धा त्या दिवशी चारा खाईनात. वाचता वाचता मुनशींनी पुन्हा बाहीनं डोळे पुसले. दादांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"बैलाचं परत वाचा," ते म्हणाले.

मुनशींनी परत वाचलं. दादा म्हणाले, हे बराबर लिहिलंय, विशेषतः तांबड्या बैलाचं. मुनशींना त्यांनी उरलेली भाकरी दिली आणि दोघं कापसाच्या पिकाबद्दल बोलत बसले. मी बाजूला उभा राहून बैलांना पाणी दाखवलं.

दादांनी घरी जाऊन हे सगळं मायला मोठ्या हौसेनं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. नोकरी लागली हे ऐकून तिनं देवाला हात जोडले. मग दादा बैलांपर्यंत आले आणि तिनं विचारलं, "म्हंजी त्या कागदात मी रांडमुंड?"

दादांना हे सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघं दादांच्या मरणात इतके गुंतलो होतो की तिच्याकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. तिनं पुढं विचारलं, कागद कुणी लिहून घेतला. मी म्हणालो, मामांनी. माय उठली, दादांच्या हातातून अर्जी घेतली आणि चुलीत घातली. मुनशींचं इतकं सुंदर अक्षर पळभरात गेलं. दादा चुलीकडे बघत राहिले. त्यांना पाठ झालेला भाग ते पुढं कितीतरी वर्षं लोकांना ऐकवत, पण दर वेळी त्यात काहीतरी कमी असल्याचं त्यांना वाटायचं.

मामा काही दिवस केदारखेड्याकडे फिरकले नाहीत. मी जालन्याला त्यांच्याच घरी राहून रोज नाक्यावर जायचो, तर ते मला रोज विचारायचे, अक्का काय म्हणती. मी म्हणायचो, काही म्हणत नाही. ते ऐकून त्यांना जेवण जात नसे. माय काही म्हणत नाही म्हणजे काय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

शेवटी एका सणाला ते माझ्याबरोबर गावी आले. येताना हिरवं लुगडं आणि खण आणला होता, आणि वेशीपाशीच कासाराला गाठून बरोबर घेतलं होतं. माय ओसरीवर धान्य पाखडत होती. तिनं भावाकडे बघितलं नाही. कासारानं पेटी उघडली आणि चुडा काढला. तिनं पाखडणं थांबवलं नाही. मामा उन्हात अंगणात उभे होते, त्यांना बस म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. दादा गोठ्याच्या दारातून सगळं बघत होते.

बराच वेळ गेल्यावर माय म्हणाली, "भावानं बहिणीचं कुंकू पुसलं, असं लोकांत सांगून राह्यले हे."

मामा म्हणाले, "अक्का, दाजींचं लई चांगलं लिहिल्तं पण."

मायनं सूप खाली ठेवलं. तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. मामांना वाटलं ती रडतेय, तेही रडायला लागले. मग पदर बाजूला झाला आणि कळलं की ती हसतेय. तिनं कासारापुढं दोन्ही हात केले आणि कोपरापर्यंत भरून घेतले. कासार म्हणाला, बाई, एवढ्या बांगड्यांनी काम करता यायचं नाही. ती म्हणाली, भर. भाऊ देतोय.

त्या दिवशी मामांना तिनं पुरणपोळ्या वाढल्या. पंगतीत दादांच्या शेजारी बसवलं. जेवून झाल्यावर मामा ओसरीवर आडवे झाले आणि दादा त्यांना जवळ बसून सांगायला लागले की नव्या गोठ्याला आणखी एक दावण करायची आहे, तर जालन्याहून चांगलं लाकूड कुठं मिळेल. मामा झोपेतच म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडीनं जालन्याला परत निघालो, मी नाक्यावर आणि ते दुकानावर.